बांबू झाड की गवत? मेंढा (लेखा) गावाची हकीकत

आजच्या भाषणाच्या आरंभी एक साधा प्रश्न विचारतो. बांबू हे झाड आहे की गवत? चौथी-पाचवीतला एखादा चुणचुणीत मुलगा लगेच सांगेल, "गुरुजी, बांबू म्हणजे गवतच. ज्वारी, ऊस, हरळी यांच्या कुळातले." मुलाचे उत्तर बरोबर आहे. पण 1927 साली इंग्रज सरकारने भारतीय वन अधिनियम केला, त्यात झाड या शब्दाची व्याख्या करताना ताड आला, बांबू आला, वेत आला, झुडपे आणि तोडलेले खुंटदेखील आले. कायद्याने गवताला झाड केले! तुम्ही म्हणाल, केले तर केले, त्यात आपले काय बिघडले? काय बिघडले, तेच आज सांगायचे आहे.

आपल्या घरात बांबू कुठे नाही? पाखडायला सूप, शेण टाकायला टोपली, कोंबड्या झाकायला डाल, धान्याला कणगी, अंगणाला ताटवा. बाळाच्या पाळण्याला तो लागतो आणि शेवटच्या तिरडीलाही तोच. पण झाड ठरले म्हणजे ते इमारती लाकडाच्या पंक्तीला बसले. ते तोडायला परवानगी हवी, आणि गाडीत घालून न्यायचे तर वाहतूक परवाना हवा. परवाना देणारे हात वनखात्याचे. मग बांबूच्या रानात जन्मलेल्या माणसाने काय करायचे?

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंड वस्तीचे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाच्या नावावरून त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. गाव लहान, शंभराच्या आसपास घरांचे. पण शिवार मोठे आणि त्यातला बहुतेक भाग जंगल. या मुलखात पूर्वी जमीनदाऱ्या होत्या. 1950 च्या सुमारास त्या गेल्या आणि जंगल सरकारजमा झाले. लोकांचे निस्तारहक्क, म्हणजे घरच्या गरजेपुरते सरपण, बांबू, चारा घेण्याचे हक्क, कागदावर राहिले. प्रत्यक्षात काय होई ते जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला सांगायला नको. कुऱ्हाड खांद्यावर दिसली की जाब द्यायचा. आणि त्याच जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागदगिरणीला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळत होता. गावकऱ्याची एक मोळी म्हणजे चोरी आणि गिरणीचे ट्रकच्या ट्रक म्हणजे व्यवहार, हा हिशेब मेंढ्याच्या लोकांना कधी पटला नाही. पटण्यासारखा होताही कुठे?

लोक जागे झाले ते एका मोठ्या संकटाने. इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली अशी दोन प्रचंड धरणे बांधायचे घाटत होते. त्यांत कितीतरी गावे आणि विस्तीर्ण जंगल बुडणार होते. 1984 च्या सुमारास "जंगल बचाओ, मानव बचाओ" ही चळवळ उभी राहिली. आनंदवनचे बाबा आमटे आणि आदिवासींचे पुढारी लालश्याम शहा यांनी तिला बळ दिले. धरणे बाजूला पडली. मेंढ्याची माणसे या चळवळीत होती. परत आल्यावर त्यांच्या मनात विचार आला : धरण तर अडले, पण आपल्या गावाचा कारभार कोण चालवतो?

गोंड समाजात घोटुल असते. तरुण मुलामुलींनी एकत्र जमायचे, शिकायचे, नाचगाणे करायचे, अशी ही जागा. मेंढ्याचे घोटुल मोडकळीला आले होते, ते पुन्हा बांधायचे गावाने ठरवले. जंगलातले सागवान आणून बांधलेही. वनखात्याने ते बेकायदा ठरवून पाडले. झाले उलटेच! आसपासच्या गावांनीही आपापली घोटुले उभारायला घेतली. एक पाडता येते, पण किती पाडणार? अखेर खात्याला माघार घ्यावी लागली. मला वाटते, गावाला स्वतःच्या ताकदीचा अंदाज आला तो त्या दिवसांत.

त्यानंतरचे काम मात्र गाजावाजाचे नव्हते, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. गावचे देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे दोन गोष्टींचा पाया घातला. पहिली ग्रामसभा. आपल्याकडची ग्रामसभा कशी असते ते तुम्हांला ठाऊक आहेच : सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की वहीवर सह्या, आणि घरी. मेंढ्यात तसे नाही. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाही माणसाचा विरोध असला तर ठराव थांबतो, पुन्हा बोलणे होते. वेळ फार जातो हे खरे. पण घेतलेला निर्णय मोडायला मग कोणी राहत नाही. दारूचे तसेच झाले. बायकांनी आग्रह धरला, महिनोन् महिने चर्चा झाली, आणि गावाने दारू बंद केली.

दुसरी गोष्ट अभ्यासगट. शाळामास्तरांनी हे नीट ऐकावे. ज्याला ज्या विषयाची गरज वाटते त्याने चारजणांना घेऊन बसायचे, बाहेरचा जाणकार बोलवायचा, प्रश्न विचारायचे. निर्णय मात्र अभ्यासगटाने घ्यायचा नाही, तो ग्रामसभेचा. एका गटाने मधाचा अभ्यास केला. पूर्वी जाळधूर करून पोळे काढीत, त्यात माश्या मरत. आता अंगभर पोशाख घालून, माश्या न मारता, पोळ्याचा मधाचा भागच तेवढा काढायचा, अशी रीत त्यांनी बसवली. फळासाठी अख्खे झाड पाडायचे नाही, हेही ठरले. कायद्यांचाही अभ्यास झाला. जंगलचे कायदे हे लोक असे वाचू लागले, की समोरच्या अधिकाऱ्यालाही पुस्तक उघडावे लागे.

"मावा नाटे मावा राज", म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही त्यांची घोषणा. तिच्यात सरकारशी भांडण नाही. दिल्ली-मुंबईत आमचेच सरकार आहे, गावात मात्र आम्ही स्वतः सरकार आहोत, असा तिचा भाव. गिरणीच्या बांबूतोडीला विरोध करताना आणि पुढे वनखात्याबरोबर संयुक्त वनव्यवस्थापनात बसताना, दोन्ही वेळा त्यांनी हेच धोरण ठेवले.

डिसेंबर 2006 मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात गौण वनोपजाच्या यादीत बांबू स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे आणि तो गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क लोकांना दिला आहे. मेंढ्याने कागदपत्रे जुळवून दावा केला. 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांत मेंढा होते.

आता वाटले असेल, संपली गोष्ट. छे! बांबू विकायचा म्हटल्यावर वाहतूक परवाना पुढे आला. खाते म्हणाले, 1927 च्या कायद्यात बांबू झाड आहे. गाव म्हणाले, 2006 च्या कायद्यात तो गौण वनोपज आहे. म्हणजे बेटात उभा असेपर्यंत बांबू गावाचा, आणि तोडून गाडीत घातला की परका! ही ओढाताण चालली होती, तोवर केंद्राचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मार्च 2011 मध्ये सर्व राज्यांना लिहिले की बांबूला गौण वनोपज माना. 27 एप्रिल 2011 रोजी ते स्वतः मेंढ्याला आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही आले, आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. परवाना मागणारे परवाना देणारे झाले.

हाती आलेला हक्क कसा वापरावा, हा पुढचा अवघड भाग. बांबू पावसाळ्यात कोंब टाकतो. कोवळे कोंब आणि नवे बांबू राखून जून बांबूच काढले, तर बेट टिकते. कडेचे सोपे म्हणून सारे छाटले, तर पाचदहा वर्षांत बेट खलास. ठेकेदाराच्या मजुराला याचे सोयरसुतक नसते, गावाला असते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला 2012 साली असाच हक्क मिळाला. तेंदूपाने विकून रोख पैसा हाती येतो, तरी त्या गावाने ती तोडणे बंद केले. कारण चांगली पाने यावीत म्हणून फांद्या छाटाव्या लागतात, रानात आगी लावल्या जातात. आलेला पैसा असा सोडणे सोपे नसते, हे तुम्ही-आम्ही जाणतोच.

मेंढ्याने 2013 साली आणखी एक पाऊल टाकले. विनोबांच्या ग्रामदानाचा 1964 चा राज्याचा कायदा अडगळीत पडला होता. त्याखाली गावकऱ्यांनी आपापली खासगी जमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. लोकांचे ठरले, पण सरकारदरबारचे कागद हलायला वर्षे लागली.

आणि बांबूचे काय झाले? नोव्हेंबर 2017 मध्ये 1927 च्या कायद्यातली झाडाची व्याख्या दुरुस्त झाली आणि तीतून बांबू वगळला. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झाले. ही दुरुस्ती जंगलाबाहेरच्या बांबूसाठी आहे. तेव्हा तुमच्या बांधावर बांबूचे बेट असेल, तर त्याला वन अधिनियमातला झाडाचा शिक्का आता लागत नाही. बेट लावायचे असेल तर पहिला पाऊस चांगला पडल्यावर लावा, आणि कोंबाला शेळ्यामेंढ्यांपासून जपा.