कानातल्या दुसऱ्या आवाजाची कुळकथा

धर्मापुरीच्या केदारेश्वरासमोर आरती सुरू झाली, की एरवी नाव सांगतानाही अडखळणारा माणूस सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणू लागतो. सप्ताहातल्या सामूहिक पारायणातही तेच. तोतरेपणावर कानात घालायच्या यंत्राचं कूळ मला या समूहस्वरात दिसतं.

कागदोपत्री कूळ वेगळं आहे. 1950 साली अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी बोलणाऱ्याला त्याचाच आवाज क्षणभर उशिरा ऐकवला आणि चांगला बोलणारा अडखळू लागला. पण नेमका हाच उशीर तोतऱ्याची जीभ मोकळी करतो, असं पुढे दिसलं. 1970च्या दशकात एडिनबरा मास्कर हे यंत्र आलं. 2001 मध्ये श्रवणयंत्राएवढं स्पीचइझी, बोलणाऱ्याचाच आवाज उशिरा आणि पट्टी बदलून ऐकवणारं.

अडखळणं कमी होतं कशामुळे? एक मत म्हणतं, स्वतःचा आवाज झाकला जातो म्हणून. मास्कर कानात गुणगुण सोडून तेच करायचा. पण उशिरा येणारा किंवा पट्टी बदललेला आवाज काही झाकत नाही, तरी गुण येतो. दुसरं मत : माणूस सावकाश बोलू लागतो म्हणून. 1993 मध्ये जोसेफ कॅलिनोव्स्की आणि सहकाऱ्यांनी तोतऱ्यांना भरभर वाचायला लावलं. तरीही अडखळणं घटलं. उरतो तो सोबतीचा आवाज, आणि माझा कौल त्यालाच. यंत्र एकट्या माणसाभोवती खोटा समूह उभा करतं.

मात्र नक्कल अपुरी आहे. आरतीत शेजाऱ्याचा आवाज आपल्यासाठी थांबत नाही, तो आपल्याला ओढून नेतो. यंत्र आपण बोलल्यावरच बोलतं. पहिलं अक्षरच घशात अडकलं, तर ते परत काय ऐकवणार? वाचताना मिळणारा फायदा गप्पांमध्ये बऱ्याचदा घटतो, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. कुणाला पुष्कळ गुण येतो, कुणाला जेमतेम. काहींचा कालांतराने ओसरतो.

म्हणून हे यंत्र म्हणजे आधार, इलाज नव्हे. काही हजार डॉलर मोजण्याआधी फोनवरचं उशिरा आवाज ऐकवणारं ॲप इअरफोन लावून वापरून पाहा, तेही वाचताना नव्हे, माणसांशी बोलताना. मूल अडखळत असेल तर यंत्राआधी वाचोपचारतज्ज्ञ गाठा. आणि त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याला करू द्या.