नाव सांगा, बाई

१९५० सालचा उन्हाळा. बिहारमधल्या एका गावात तुम्ही ओसरीच्या कडेला उभे आहात. मतदारयादीचा कारकून मांडी घालून बसला आहे. पुरुषांची नावं, बापाचं नाव, वय, सगळं भराभर उतरतं. मग तो आतल्या दाराकडे वळून विचारतो, "बायकामाणसं किती?" पदराआडून उत्तर येतं : मोठ्या मुलाची आई, धाकट्याची बायको. "नाव?" पुढे काहीच ऐकू येत नाही. परक्या पुरुषापुढे नाव उच्चारायचं नाही, हे तिला लहानपणीच शिकवलेलं आहे. तुम्हाला यात नवल वाटत नाही. आपल्याकडच्याही कितीतरी आज्या जन्मभर अमक्याची आई म्हणूनच राहिल्या. कारकुनाला पुढची घरं गाठायची आहेत. तो ऐकलं तसंच लिहितो.

ती यादी आता दिल्लीत कोणासमोर जाते ते बघा. सुकुमार सेन. वय पन्नाशीच्या आसपास. लंडन विद्यापीठात गणिताचं सुवर्णपदक, १९२१ मध्ये आयसीएस, जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायाधीशाची नोकरी, मग पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. २१ मार्च १९५० पासून ते देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त आहेत. पंतप्रधान नेहरूंना देशाची पहिली निवडणूक १९५१ च्या वसंतातच हवी आहे. सेन त्यांना थांबायला सांगतात. मतदार सतरा कोटींहून जास्त, त्यातल्या शंभरात ऐंशीहून अधिक जणांना अक्षरओळख नाही, आणि याद्या टंकून जुळवायला साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या करारावर घ्यायचे आहेत. खुद्द पंतप्रधानांना 'थांबा' म्हणणारा अधिकारी मला तरी फार मोठा वाटतो.

टेबलावर बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारतातल्या याद्यांचे गठ्ठे आहेत, आणि त्यांत पानोपानी बायकोच, आईच, नाव कुठेच नाही. सोपी वाट समोरच आहे : असू द्या, मतदान तर होईल. पण अमक्याची बायको म्हणून मतदान केंद्रावर कोणीही उभी राहिली तर ओळखायचं कशावरून? सेन आदेश देतात : स्वतःचं नाव लिहा, नाहीतर नोंद काढा. बिहारला महिनाभराची खास मुदत मिळते आणि तिथे ती बऱ्यापैकी कामी येते. राजस्थानात फारसं कोणी पुढे येत नाही. शेवटी सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख यादीबाहेर जातात.

इथे जरा थांबा, कारण हा आकडा बोचायलाच हवा. अठ्ठावीस लाख बायकांचं पहिलं मत गेलं, तेही त्यांचा काही गुन्हा नसताना. गदारोळ झाला. सेन यांचं म्हणणं होतं की तो झाला हे बरंच झालं, त्यानं पुढच्या निवडणुकीपर्यंत ही भीड मोडेल. हे कठोर आहे. तरीही मी सेन यांच्या बाजूनं आहे. नवऱ्याच्या नावानं घातलेलं मत त्या नवऱ्याचंच दुसरं मत ठरलं असतं.

आता मुंबईला या. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात मतपेट्यांसाठी पोलादी पत्रे कापले जात आहेत. बाहेरून कुलूप लावणं महाग पडतं म्हणून कुलूप पेटीच्या आतच बसवलं आहे. अशा बारा लाखांहून अधिक पेट्या इथून निघतात. इतक्या कशाला? प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह : बैलजोडी, झोपडी, हत्ती, दिवा. मतदारानं काही लिहायचं नाही, चिन्ह ओळखायचं आणि नाशिकच्या छापखान्यातून आलेली, एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका त्या पेटीत सोडायची. बोटाला शाई आधीच लागलेली असते.

२५ ऑक्टोबर १९५१. हिमाचलमधलं चिनी नावाचं गाव. बर्फानं वाटा बंद होण्याआधी इथलं मतदान उरकायचं, म्हणून सबंध देशाच्या कितीतरी आधी इथे पेट्या मांडल्या आहेत. तुम्ही रांगेच्या बाजूनं चालत जा. कोणाला धक्का लागू देऊ नका. मतदान फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालेल. पेट्या उघडल्यावर काहींत उमेदवारांना दिलेल्या शिव्या निघतील, एका ठिकाणी सिनेनटांचे फोटोही. आणि शंभरातले पंचेचाळीस मतदार मत देऊन गेलेले असतील.

१९५३ मध्ये सुदानची पहिली निवडणूक घ्यायला सेन यांनाच बोलावलं गेलं. मग १९५७ ची दुसरी निवडणूक. जुन्या पेट्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे थोड्याच नव्या लागल्या. खर्च आधीपेक्षा साडेचार कोटींनी कमी आला. आणि तेव्हा देशातल्या प्रौढ स्त्रियांपैकी ९४ टक्के यादीत होत्या.

डिसेंबर १९५८ मध्ये ते पदावरून उतरले, १९६० मध्ये बर्द्वान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आठवणी त्यांनी लिहिल्या नाहीत. त्यांना भेटायचं तर पहिल्या निवडणुकीचा सरकारी अहवाल काढून वाचावा लागतो. गळलेल्या अठ्ठावीस लाख बायकांचा हिशेब त्यांनी तिथे स्वतःच देऊन ठेवला आहे, कारणासकट.