पापवाचा चषक आणि पासपोर्ट

डर्बनचा गोल्फपटू शिवशंकर सेवगोलम, सगळ्यांचा पापवा, याचे एक छायाचित्र जगभर गेले. १९६३ साली त्याने गोऱ्या खेळाडूंना हरवून नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकली. पण क्लबच्या इमारतीत बिगरगोऱ्यांना मज्जाव होता. बाहेर पावसात उभे करून त्याच्या हाती चषक देण्यात आला.

पापवा गिरमिटिया मजुरांच्या वंशातला. पोरवयापासून गोऱ्यांच्या पिशव्या वाहणारा कॅडी. लिहिता-वाचता येत नव्हते. गोल्फची काठी तो उलटी धरायचा, डावा हात उजव्याच्या खाली. कुणी शिकवलेच नव्हते, मग चूक तरी कोण दाखवणार? याच पकडीने त्याने १९५९ आणि १९६० साली डच ओपन जिंकली, १९६४ साली पुन्हा.

मला मात्र त्या पावसापेक्षा १९६५ साल जास्त बोचते. त्या वर्षी नाताळच्याच स्पर्धेत त्याने गॅरी प्लेअरला हरवले. प्लेअर म्हणजे जगातल्या अव्वल गोल्फपटूंपैकी एक, गोऱ्या आफ्रिकेचा अभिमान. पावसात भिजत चषक घेणारा हिंदी माणूस सरकारला चालून गेला होता. प्लेअरला हरवणारा चालला नाही. पुढच्याच वर्षी देशातल्या स्पर्धांत त्याला बंदी झाली, पासपोर्टही काढून घेतला. अशा हुकमांची छायाचित्रे निघत नाहीत, म्हणून आपण पावसाबद्दलच बोलत राहतो. ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली. १९७८ साली तो वारला, गरिबीतच. डर्बनमधल्या एका सार्वजनिक गोल्फ मैदानाला आज त्याचे नाव आहे.