दोषदुरुस्तीचा सराव आणि मराठी विद्यार्थी

इंग्रजी वाक्यांतील दोष हेरण्याचा सराव आपल्याकडे परीक्षांच्या आधारे रुजला. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. पुढे तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेने मराठी व इंग्रजी वाक्ये समोरासमोर ठेवली. केंब्रिजच्या उच्च प्रावीण्यपरीक्षेला १९१३ साली तीन उमेदवार बसले, तिघेही अनुत्तीर्ण झाले; तीतही भाषांतर आणि व्याकरण होतेच.

दुसरबीडचा विद्यार्थी 'द' गाळतो, कारण मराठीत असे उपपद नाही. 'डिस्कस अबाउट' लिहितो, कारण आपण विषयाविषयी चर्चा करतो. दोष म्हणजे अज्ञान नव्हे, शिकण्याच्या प्रक्रियेचा तो पुरावा होय, असे कॉर्डर यांनी १९६७ साली प्रतिपादिले. तांबड्या शाईने चूक दिसते, कारण दिसत नाही; आणि कारण न कळलेली चूक पुढील परीक्षेत पुन्हा उपस्थित होते. म्हणून दुरुस्तीशेजारी मूळ मराठी रचनाही लिहवून घ्यावी.