कष्टकरी सेंट बर्नार्ड

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर २,४६९ मीटर उंचीचा ग्रेट सेंट बर्नार्ड घाट आहे. तेथे अकराव्या शतकात संत बर्नार्डने वाटसरूंसाठी धर्मशाळा स्थापिली. पुढे, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तेथील मठवासी मोठे कुत्रे पाळू लागले. आधी राखण, मग बर्फात वाट काढणे आणि गाडलेल्या माणसाचा माग लावणे, हे त्यांचे काम ठरले. १८०० साली जन्मलेल्या बॅरीने ४० हून अधिक जीव वाचविले, असे सांगतात. १८१२ साली तो थकला, तेव्हा त्याला बर्न शहरी विश्रांतीस धाडले. १८१४ साली तो तेथेच वारला. राबणाऱ्याला म्हातारपणी पोसावे, एवढे त्या डोंगरावर कळत होते!

बॅरी आजच्या सेंट बर्नार्डहून पुष्कळ लहान होता. नंतर न्यूफाउंडलंड जातीशी संकर झाला. लांब केसांत बर्फ गोठू लागला, तसे ते कुत्रे घाटावर निरुपयोगी ठरून खालच्या शौकिनांकडे गेले. प्रदर्शनांच्या हौसेने डोके आणि वजन वाढत गेले. आजचा ७०-८० किलोंचा कुत्रा शांत आणि मुलांत रमणारा खरा. पण खुबे दुखतात, पोटाला पीळ पडतो, आयुष्य आठ-दहा वर्षांचे.

म्हणून पाळणाऱ्याने अन्न दोन वेळा विभागून द्यावे, जेवणावर पळवू नये, आणि आपल्या वैशाखात त्याला गारवा देता येत नसेल तर पाळूच नये. काम गेले की देह हौसेच्या हाती पडतो. मग त्याचा भार हौस करणाऱ्यानेच उचलला पाहिजे.