पितळी पुंगळीवरील सालाचा अर्थ

जुना ताम्रपट हातीं आला असतां त्यावरील शक वाचावा आणि मग तो शक नेमक्या कोणत्या कृत्याचा हें ठरवावें, ही रीत वाचकांस परिचित आहे. पूर्वींचा लेख ठोकून सपाट करून त्याच पत्र्यावर नवें दानपत्र कोरल्याचीं उदाहरणें आहेतच. बंदुकीच्या झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ही अशाच जातीची वस्तु आहे. तिच्या बुडावरील साल हें पुंगळी घडविल्याचें होय, गोळी झाडल्याचें नव्हे. या दोहोंत पुष्कळ वर्षांचें अंतर पडूं शकतें, कारण पुंगळी धुऊन, दाबून पुन्हां भरतां येते. संग्राहकांच्या टिपणांत हा भेद नेहमींच राखला जातो असें नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

१८५७ च्या उठावाशीं ज्याचें नांव निगडित झालें तें काडतूस कागदी होतें. पुढें १८६६ च्या सुमारास वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक कर्नल बॉक्सर यांनीं स्नायडर बंदुकीसाठीं पितळी पत्र्याच्या गुंडाळीचें काडतूस सिद्ध केलें. त्याच काळीं अमेरिकेंत हायरम बर्डन यानें आपली निराळी योजना केली. बॉक्सरच्या पद्धतींत ऐरण टोपीच्याच आंत असून बुडाच्या मध्यभागीं एकच छिद्र असतें. बर्डनच्या पद्धतींत ऐरण हा पुंगळीचाच भाग असून तिच्या बाजूंस बहुधा दोन बारीक छिद्रें असतात. पहिल्या प्रकारांतील जळकी टोपी तोंडांतून सरळ सळई घालून बाहेर ढकलतां येते. दुसऱ्या प्रकारांत ती बाहेरून उचकटावी लागते. मौज अशी कीं, इंग्रजाची टोपी अमेरिकेंत रूढ झाली आणि अमेरिकनाची यूरोपांत. खुद्द इंग्रजी सैन्याच्या.३०३ काडतुसांनींही बर्डनचाच मार्ग धरला. पुनर्भरण अमेरिकेंत फोफावलें याचें एक कारण या लहानशा छिद्रांत आहे. १८७० नंतर पश्चिमेकडील मैदानांत रानगव्यांची शिकार करणारे लोक शिसें, दारू व टोप्या बरोबर बाळगून मुक्कामावर पुंगळ्या भरीत; १८८४ सालीं न्यू हेवन येथें जॉन बार्लो यानें आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढून चिमट्याच्या घाटाचें हत्यार सामान्य शिकाऱ्याच्या हातीं दिलें.

नवख्या भरणाऱ्याचा पहिला धडा दारूचा नसून पुंगळीच्या पारखीचा असतो, आणि तोच संशोधकाच्या कामाचा आहे. काळ्या दारूचा मळ पितळ खातो, म्हणून झाडलेली पुंगळी विनाविलंब पाण्यानें धुवावी लागे. झाडतांना ती बंदुकीच्या कोठींत फुगते; तिला पोलादी सांच्यांत दाबून मूळ मापावर आणतात, तेव्हां कित्येकदां अंगावर उभे ओरखडे उठतात. दाबतां दाबतां ती लांब होते; मग तोंड कापून कड आंतून-बाहेरून तासतात. ही तासलेली कड भिंगाखालीं दिसते. शेंकडा ७० तांबें व ३० जस्त अशा या पितळास वारंवार ताणलें-दाबलें कीं तें कठीण होऊन मान चिरते. म्हणून मान शेकून मऊ करतात. बुडास मात्र उष्णता लागूं देत नाहींत, कारण तें कठीणच राहिलें पाहिजे. मानेवरील निळसर छटा ही शेकाची खूण खरी, पण कारखान्यांतही मान शेकतात. एवढ्यावरून पुनर्भरण सिद्ध मानूं नये. अधिक भरंवशाची खूण बुडाच्या कडेवर असते. बंदुकीचा आंकडा तेथें धरून पुंगळी बाहेर ओढतो व आपला ओरखडा ठेवतो. निरनिराळ्या घाटाचे ओरखडे असले तर ती एकाहून अधिक बंदुकींत गेली असें अनुमान निघतें. न झाडतां काढलेल्या काडतुसासही असा ओरखडा पडतो, हें मात्र ध्यानांत ठेवावें. कीलेचा ठसा टोपीवर उमटतो, आणि टोपी बदलली कीं तो गेला. अर्थात् तो शेवटच्या बाराचाच.

या दृष्टीनें मोंटानांतील लिटल बिगहॉर्नचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. २५ जून १८७६ रोजीं तेथें कस्टरची तुकडी लाकोटा व शायेन योद्ध्यांकडून नष्ट झाली. १९८३ सालीं वणवा लागून रणभूमि उघडी पडली व पुढील वर्षीं डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनीं पाहणी आरंभिली. कीलेचे व आंकड्याचे ठसे सूक्ष्मदर्शकाखालीं जुळवून एकेक बंदूक रणांगणावर कोठून कोठें गेली तें त्यांनीं मांडलें. सैन्याच्या त्या काडतुसांची पुंगळी तांब्याची असून टोपी आंत बसविलेली असे. ती पुन्हां भरण्याजोगी नव्हती, म्हणून तिची साक्ष निर्भेळ. शिवाय फ्रँकफर्ड येथील सरकारी कारखान्यानें बुडावर महिना व साल छापण्यास मार्च १८७७ मध्यें आरंभ केला. तेव्हां त्याचा असा छाप असलेली पुंगळी त्या लढाईची असूं शकत नाहीं.

आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्याच्या .३०३ पुंगळ्यांवर के. एफ. हीं रोमन अक्षरें व सालाचे शेवटचे दोन अंक आढळतात. बर्डन पद्धतीमुळें त्या पुन्हां भरणें दुष्कर, म्हणून त्यांत घोटाळा कमी. तरी भरलेलीं काडतुसेंही कोठारांत दीर्घकाळ पडून राहत. गेल्या काळीं हिंदुस्थानांतील इंग्रज सैन्याचीं काडतुसें पावसाळ्यांत तबेल्याजवळ ठेवलीं असतां आपोआप चिरत. घोड्यांच्या मुतांतील अमोनिया, ओली हवा आणि ओढून घडविलेल्या पितळांत दबून राहिलेला ताण यांचा तो परिणाम, हें मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं १९२१ सालीं विशद केलें. तोच अमोनिया पितळ उजळण्याच्या कित्येक पॉलिशांत असतो. भांडीं घांसावीं तशी पुंगळी लखलखीत केली कीं ओरखडे व छटा जातात, वर चीर पडण्याची भीति. त्यापेक्षां रिकाम्या पुंगळीवरील माती मऊ कुंचल्यानें झाडावी, बूड, कड व तोंड यांचीं तिरप्या उजेडांत छायाचित्रें घ्यावींत आणि टिपणांत घडणीचें साल व झाडल्याचा काळ असे दोन रकाने निरनिराळे ठेवावे. दुसरा पुष्कळदां कोराच राहील.