कोरस (ग्रीक शोकात्मिका)

प्राचीन ग्रीक शोकात्मिकेतील गाणारा-नाचणारा समूह. त्याची जागा ‘ऑर्केस्ट्रा’ या मोकळ्या नृत्यभूमीवर. वाद्यवृंद हा त्या शब्दाचा अर्थ फार नंतरचा. आधी १२ जण असत, नाटककार सॉफोक्लीझने १५ केले, अशी परंपरा आहे. सर्व पुरुष, मुखवटेधारी. प्रवेशगीत ‘पॅरोडोस’, प्रसंगांमधील गीत ‘स्टॅसिमॉन’. साथीला ‘ऑलोस’ हे जोडनळ्यांचे सुषिरवाद्य. खर्च ‘कोरेगॉस’ म्हणजे एखादा धनिक नागरिक उचली. कोरस केवळ भाष्य करतो, हा समज अपुरा आहे. एस्किलसच्या ‘युमेनिडीझ’मध्ये (इ.स.पू. ४५८) सूडदेवतांचा कोरसच आईची हत्या केलेल्या ऑरेस्टीझचा पाठलाग करतो आणि त्याच्यावरील खटल्यात फिर्यादीही होतो. हे नाटक ज्या नाट्यत्रयीतले, तिच्यातीलच ‘ॲगमेम्नॉन’मधला वृद्धांचा कोरस मात्र राजाची किंकाळी ऐकूनही काय करावे याचीच चर्चा करत राहतो.